ऐनवेळचा विषय

कोल्हापुरातल्या नेमबाजांच्या वर्तुळात सध्या एकच विषय चघळला जातोय. एका क्लबाने नवी नियमावली मंजूर करून घेतली. नवा सभासद व्हायचं तर मताचा अधिकार असलेल्या दोन जुन्या सभासदांची शिफारस हवी. प्रवेश फी एकदम चौपट. पहिली पाच वर्षं मत नाही. दुसऱ्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या दुसऱ्या जागी, सराव करताना आढळलात तर सभासदत्व धोक्यात. आणि क्लबाच्या कारभाराविषयी बाहेर कुठेही, अगदी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातसुद्धा, तक्रार केली तर कार्यकारिणी तुम्हाला नोटीस देऊन काढू शकते. क्लबाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चर्चा नियमांवरून माणसांवर घसरते, आणि आपल्याकडे माणसांवर घसरलेली चर्चा पुन्हा नियमांवर येत नाही.

वाद मात्र फार वाईट रीतीने चाललाय. एक बाजू म्हणते, इथे विटीदांडू नाही, बंदुका आहेत, नियम कडकच पाहिजेत. दुसरी म्हणते, ही हुकूमशाही आहे. पहिल्या बाजूला वाटतं, बंदुकीचं नाव काढलं की समोरच्याचं तोंड बंद. दुसऱ्या बाजूला नियम म्हटला की अन्यायच दिसतो. त्यांच्यातल्या एकाने तर रेंज सकाळी सातच्या आत उघडत नाही हाही लोकशाहीचा खून ठरवला. माझं म्हणणं साधं आहे. रेंजवर दोन प्रकारचे नियम असतात : फायरिंग लाइनवरचे, म्हणजे नेमबाज उभा राहतो त्या रेषेवरचे, आणि दारावरचे, म्हणजे कोणाला आत घ्यायचं याचे. लाइनवरचे नियम लोखंडासारखे असावेत, त्यात सवलत नको, मुलाहिजा नको. दारावरचे नियम जितके सैल ठेवता येतील तितके सैल असावेत. नव्या नियमावलीत दाराचे नियम लाइनच्या नियमांचा गणवेश घालून उभे केलेत, आणि एकाच मंजुरीत दोन्ही पास झालेत. म्हणून प्रत्येक नियमाला वेगळं बाजूला घेऊन विचारलं पाहिजे : बाबा रे, तू बंदुकीच्या नळीसाठी आहेस की मतासाठी?

लाइनवरचे नियम म्हणजे काय, हे कधी रेंजवर न गेलेल्यांसाठी सांगतो. नळी कायम टार्गेटच्या दिशेने. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. रायफल खाली ठेवली की नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे भडक रंगाची प्लॅस्टिकची दोरी. ती आरपार गेलेली दिसली की आत छर्रा नाही हे लांबूनही कळतं. कोणी टार्गेट बदलायला लाइनच्या पुढे गेला तर बाकीच्यांनी हत्याराला हात लावायचा नाही. 'स्टॉप' म्हटलं की स्टॉप, मग तुमचा नेम कितीही सुरेख बसलेला असो. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो सातत्याने गाठायला वर्षं जातात. मी पंधरा वर्षं दहा मीटरच्या लेनवर उभा राहतोय, पदक एकही नाही. पण फ्लॅगची सवय मला पहिल्या आठवड्यात लागली, कारण ती लागेपर्यंत कोचने छर्र्याची डबी माझ्या हातात दिलीच नव्हती. एकदा चांगल्या गुणांच्या एका मुलाने, पुढे माणूस असताना, रायफल नुसती सरळ करायला उचलली. त्याला आठ दिवस रेंज बंद. तो कोणाचा मुलगा आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी ते बोललं नाही. असा असतो नळीचा नियम. तो आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही, अध्यक्षांनाही सोडत नाही.

आता याच मापाने नवे नियम मोजा. दुसऱ्या रेंजवर सराव केला तर नळी कोणाकडे वळते? धर्मादाय कार्यालयात अर्ज दिल्याने कोणता छर्रा सुटतो? दोन सभासदांची शिफारस हा नियम सुरक्षेचा वाटतो खरा. पण शिफारस करणारा त्या पोराच्या हाताला ओळखतो की बापाच्या गाडीला? पोराच्या हाताची पारख तर कोच महिन्याभरात करतो, आणि त्याला कोणाची सही लागत नाही.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मात्र मान्य केलं पाहिजे. पॉइंट टू-टूची रायफल हे खेळणं नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम क्लबाच्या डोक्यावर आहेत. शस्त्रं कुठे ठेवली, राउंड किती आले, किती उडाले, उरले किती, याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तो जुळला नाही तर उत्तर पदाधिकाऱ्यांना द्यावं लागतं, टीका करणाऱ्यांना नाही. एक अपघात झाला तर सगळ्या पोरांची रेंज बंद पडेल, ही भीती खोटी नाही. पण कायदा स्वतः काय म्हणतो तेही बघा. .१७७ इंच बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि २० जूलच्या आतल्या जोराच्या एअर रायफलला, एअर पिस्तुलाला तो परवाना मागतच नाही. म्हणजे जिथे बहुतेक पोरं सुरुवात करतात त्या दहा मीटरच्या हॉलला कायद्याने वेगळं ठेवलंय. छर्र्यानेही डोळा जाऊ शकतो, त्यामुळे फ्लॅग तिथेही हवाच. पण देशाचा शस्त्र कायदा जिथे हात सैल सोडतो तिथे क्लब आठवीतल्या पोरीकडे दोन मतदारांची हमी मागतो, तेव्हा ती सुरक्षेची काळजी आहे यावर माझा विश्वास बसत नाही.

नियम कशासाठी आहे हे ओळखायची एक जुनी खूण आहे : सूट कोणाला दिलीय ते बघायचं. १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळात आला, तोही शांतता-सुव्यवस्थेच्या नावानेच. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट. बंदूक धोकादायक आहे हे कारण शंभर टक्के खरं होतं. मग गोऱ्याच्या हातात ती कमी धोकादायक कशी होत होती? प्रश्न बंदुकीचा नव्हताच, राज्य कोणाचं याचा होता. आता आपल्या नियमावलीचं शेवटचं पान उघडा. शिफारस आणि वाढीव फी, दोन्हींतून कोणाला सूट? विद्यमान सभासदांच्या मुलांना आणि भावंडांना. सभासदाच्या पोटी जन्मलं की नळी आपोआप सुरक्षित होते, असं काही विज्ञान निघालंय का? स्वातंत्र्यानंतर चारच वर्षांत, १९५१ मध्ये, पहिले लोकसभाध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली ती हा खेळ सामान्य नागरिकापर्यंत न्यायला. त्यांच्या नावाच्या स्पर्धेसाठी आजही पोरं रेल्वेने रात्र-रात्र प्रवास करतात. त्यांना गाडीत बसायला शिफारस लागत नाही, एवढंच बरं.

दुसरा मुद्दा जुन्या सभासदांचा, आणि इथे माझा हात जरा थरथरतो. ज्यांनी हे क्लब उभे केले त्यांनी खिशातले पैसे घातलेत. पत्र्याचा शेड, मागे मातीचा बांध, हाताने दोरी ओढून पुढे-मागे करायची टार्गेटची पुली, तिची दोरी तुटली की स्टुलावर चढून गाठ मारणारे पन्नाशीतले दोघे-तिघे : हे मी पाहिलंय. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य घेतलं आणि पुढच्या आठवड्यात रेंजच्या दारात गाड्यांची रांग लागली. आलेल्या पालकांतल्या एकाने पहिला प्रश्न विचारला, ऑलिंपिकला किती महिने लागतील? दिवाळीपर्यंत त्यातली बहुतेक पोरं गेली. मागे राहिली ती तुटलेली स्टँडं आणि कोचचा बसलेला घसा. 'आम्ही काय धर्मशाळा उघडलीय?' असं एखादा अण्णा वैतागून म्हणाला तर त्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही.

पण उत्तर काय? शिकवणीचे पैसे घ्या, महिन्याचे घ्या, मोडतोड भरून घ्या. दारच बंद करणं हे उत्तर कसं? शंभरातली नव्वद पोरं निघून जातात, हे तालमीच्या गावाला कोणी शिकवायला नको. खासबागेत उतरलेल्या एकेका मल्लाच्या मागे किती पोरं चार महिने लाल माती अंगाला लावून गेली असतील, आणि म्हणून कोणत्या वस्तादाने दाराला कडी घातली? शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं ते हजारो माणसांना कुस्ती दिसावी म्हणून. तालमीत मातीचे नियम कडक होते. वस्तादाचा शब्द म्हणजे कायदा, कसरत चुकली की काठी. दारावर मात्र कोणी बसलेलं नसे. तालमींचा सगळा इतिहास धुतल्या तांदळासारखा आहे असं म्हणत नाही. पेठापेठांचे हेवेदावे आपल्याला पाठ आहेत, आणि फुटबॉलच्या मोसमात ते अजून शाहू स्टेडियमवर दिसतात. तरीही मातीत कडक आणि दारात मोकळं, ही रीत आपल्याच गावाची आहे, ती बाहेरून आणायची गरज नाही.

आणि मोकळ्या दाराचा फायदा कसा होतो हेही इथेच घडलंय. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनी सावंतने सुवर्ण घेतलं, २०१० मध्ये म्युनिकला ती जगज्जेती झाली. तिला बघून शाळकरी राही सरनोबतने पिस्तूल हातात घेतलं, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. एकीला बघून दुसरी आली, बस. मधे कोणी सूचक-अनुमोदक नव्हता. उलट राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुठल्या वाटेने गेला? राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या. घडला नाशिकला, पुढे पुण्याच्या बालेवाडीला. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करत तो पॅरिसला पोहोचला. त्याची मिरवणूक आपण काढली, फ्लेक्सवर आपले फोटो त्याच्यापेक्षा मोठे लावले. पण आज तसाच एखादा मुलगा कांबळवाडीहून एसटीने येऊन आपल्या दारात उभा राहिला तर नियमावलीप्रमाणे त्याचं काय होईल?

काय होतं ते मी पाहिलं. वडणगे गावचा एक माणूस आठवीतल्या मुलीला घेऊन आला होता. शाळेच्या शिबिरात तिने एअर पिस्तूल धरलेलं, हात स्थिर, शिक्षकांनी 'घेऊन जा हिला' म्हणून पाठवलेलं. टेबलामागच्या गृहस्थाने फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, "कुणाच्या ओळखीनं आलाय?" तो म्हणाला, "ओळख कुणाचीच नाही साहेब, म्हणून तर क्लबात आलोय." मुलगी तेवढ्या वेळात काचेतून लेनकडे बघत होती. कोणीतरी नेम सोडला की तिचे ओठ हलायचे. गुण मोजत होती बहुतेक. फॉर्मवरच्या सूचक आणि अनुमोदक या दोन ओळींवर बोट ठेवून तिला परत पाठवण्यात आलं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. क्लबातले समजूतदार लोक खासगीत सांगतात ते असं : दार उघडं ठेवलं की निवडणुकीच्या आधी महिनाभर कोणीतरी पुढारी दोनशे अर्ज घेऊन येईल, फी एकाच चेकने भरेल, आणि ज्यांनी आयुष्यात रायफल धरली नाही ते क्लबाचे मालक होतील. ही भीती कोल्हापुरात हसण्यावारी नेता येत नाही. साखर कारखान्यांचे सभासद कसे वाढतात, कसे अक्रियाशील ठरतात, यादीत मयत माणसं किती दिवस जिवंत राहतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण याच अनुभवातून उलटा धडाही मिळतो. दूध संघाच्या निवडणुकीत गावच्या लाखो उत्पादकांना मत नसतं, गावच्या दूध संस्थेचा एक ठराव आणि त्या ठरावाने मत द्यायला नेमलेला एकच ठरावधारक. त्यामुळे काबीज करायला सोपं झालं की अवघड? ठरावधारक सहलीला जातात, फोन बंद होतात, मतदानादिवशी गाडीतून थेट केंद्रावर उतरतात. मतदार जितके कमी तितका एकेका मताचा भाव जास्त. चाळीस मतांचा क्लब ताब्यात घ्यायला दोनशे अर्ज लागत नाहीत, एकवीस जेवणं पुरतात. तेव्हा यादी छोटी ठेवून क्लब पुढाऱ्यापासून वाचतो, हा हिशेबच चुकीचा आहे. फार तर तो उद्याच्या पुढाऱ्यापासून वाचतो. आजचा तर आतच बसलेला असतो.

घाऊक भरती रोखायची असेल तर त्याला साधा उपाय आहे, आणि तो नळीशी जोडलेला आहे : मत हजेरीवर द्या. खेळण्याचा आणि मत देण्याचा हे दोन हक्क वेगळे करा. खेळायला येणाऱ्याला दार उघडं. मताचा हक्क दोन वर्षं आणि त्या दोन वर्षांत रेंजच्या वहीवर ठरावीक सह्या झाल्यावर. पुढाऱ्याची दोनशे माणसं दोन वर्षं पहाटे उठून लेनवर उभी राहणार असतील तर त्यांना मत द्याच, तोवर त्यांचे नेमबाज झालेले असतील. या नियमाने मग जुन्यांचंही मत तपासलं जाईल, ही यातली खरी अडचण आहे. गेल्या सभेला हात वर करणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या वर्षी एक तरी छर्रा उडवला होता? माझ्या ओळीत बसलेल्या चौघांपैकी एकाने.

'क्लब खासगी आहे, आम्ही कोणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू' हे उत्तर ऐकायला ठणठणीत वाटतं. संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे आणि तो असलाच पाहिजे. चार मित्रांनी स्वतःच्या शेतात शेड घालून नेम मारले तर तिथे कोणाला घ्यावं हे मी सांगणार नाही. पण जागा सार्वजनिक, शेडला सरकारी अनुदान, स्पर्धेच्या अर्जावर क्लबाची सही, पुढे शस्त्रपरवान्याच्या कागदांत क्लबाचा दाखला. एवढी दारं एकाच्या हातात असतील तर ते घरचं दार उरत नाही. क्रिकेट मंडळही कागदावर खासगी संस्थाच आहे. तरी ते सार्वजनिक काम करतं म्हणून त्याला न्यायालयापुढे उत्तर द्यावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलंच. मंडळाएवढा पैसा आपल्या क्लबांकडे नाही हे खरं. पण पोराला दुसरी वाटच न ठेवण्याची ताकद दोघांकडे सारखीच आहे.

यावर एक जुनी गोष्ट आठवते. पुण्यात दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूची फिरकी युरोपियनांना खेळता येईना, तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबवाल्यांनी त्याला संघात घेतलं, कारण जिंकायचं होतं. मैदानात चेंडू सगळ्यांनी हाताळला. चहाच्या वेळी त्याला मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. त्या अपमानाची बरोबरी आपल्या नियमावलीशी करणं अतिशयोक्ती होईल, तशी मी करत नाही. पण मनाची ठेवण ओळखीची आहे : खेळ हवा, माणूस नको. क्लबाच्या वार्षिक अहवालात मुलांच्या पदकांचे फोटो रंगीत छापायचे आणि त्याच मुलांना मतासाठी पाच वर्षं थांबवायचं. राज्य स्पर्धेला जायला त्यांचं वय चालतं, गाठ मारायला स्टुलावर चढवताना त्यांचं वय चालतं, आणि अठरा पूर्ण झाली की त्यांची पाच वर्षं शून्यापासून मोजायला लागतात.

हे सगळं लिहिताना एक कबुली द्यायला हवी. त्या सभेत मीही होतो. विषयपत्रिकेवर बारा विषय होते. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंद, हिशेब तपासनिसाची नेमणूक, असं करत अकरा विषय संपले तेव्हा मागच्या बाजूला पोह्यांच्या ताटल्या लागल्या होत्या. बारावा विषय, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. सचिवांनी चार पानं भराभर वाचली. पहिलं पान सेफ्टी फ्लॅगचं, दुसरं शस्त्रागाराच्या किल्ल्यांचं. कोणाचा आक्षेप असणार? तिसऱ्या पानावर शिफारस, फी, मत आणि तक्रारबंदी. तोवर पुढच्या ओळीतून 'मंजूर, मंजूर' सुरू झालं होतं. तीन मिनिटं पण लागली नसतील. माझाही हात वर गेला. फ्लॅगसाठी गेला होता असं मी स्वतःला नंतर सांगितलं. पण हात एकच होता आणि पानं चार होती.

यंदाच्या सभेची नोटीस परवा हातात पडली. वडणग्याच्या त्या मुलीच्या फॉर्मवर सूचक म्हणून मी सही केलीय. अनुमोदकाची ओळ कोरीच आहे, तिघांनी 'सभा होऊ दे, मग बघू' म्हटलंय. नोटिशीत पुन्हा बाराच विषय आहेत. नियमावलीचा फेरविचार करा असं लेखी पत्र मी महिन्यापूर्वी दिलं होतं, त्याची पोचही माझ्याकडे आहे. पहिल्या अकरा विषयांत ते कुठेच नाही. म्हणजे फेरविचार होणार असेल तर तो बाराव्यातच होणार, आणि नवीन काही घुसवायचं असेल तर तेही बाराव्यातच. पोहे या वेळी कितीही लवकर लागले तरी मी खुर्चीवरून उठणार नाही.